एका तालुक्याचा पाठपुरावा

सोलापूर जिल्ह्यातला सांगोला तालुका पर्जन्यछायेत येतो. माण नदी या तालुक्यातून जाते, पण वर्षाचा बराच काळ तिचं पात्र कोरडंच असतं. या तालुक्याने १९६२ ते २०१४ या काळात एकाच माणसाला अकरा वेळा विधानसभेत पाठवलं. शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख. मधे १९७२ आणि १९९५ अशा दोन निवडणुका ते हरले. २०१९ मध्ये वयोमानामुळे उभे राहिले नाहीत आणि ३० जुलै २०२१ रोजी त्यांचं निधन झालं. ‘आबा’ एसटीने प्रवास करत, बसच्या पुढच्या बाजूला आमदारांसाठी राखीव असलेल्या बाकावर बसून, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. निधनानंतरच्या बहुतेक लेखांत हा साधेपणाच होता. तो खराच होता. पण साधेपणाला हात जोडले की आपलं काम संपतं, आणि दुष्काळी तालुक्याला पाणी नि रोजगार कोणत्या वाटेने मिळतो हा प्रश्न तसाच राहतो. ती वाट नीट पाहायला हवी.

आधी सूतगिरणीकडे पाहू. सांगोला हा काही कापसाचा मुलूख नव्हे. तरीही गणपतरावांनी इथे शेतकरी सहकारी सूतगिरणी उभी केली. दुष्काळ पडला की पहिल्यांदा शेतमजुराचं काम जातं, मग लहान शेतकऱ्याचं. ऊसतोडीला जायचं, मुंबईला जायचं किंवा रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायची, एवढेच मार्ग उरतात. पावसावर अवलंबून नसलेला, तीन पाळ्यांत चालणारा आणि गावातच हजेरी भरणारा उद्योग अशा ठिकाणी सर्वांत उपयोगाचा. कापसाच्या गाठी बाहेरून आणता येतात आणि सूत घेणारे सोलापूरचे नि इचलकरंजीचे माग फार लांब नाहीत. गिरणीच्या खात्यात उभं राहिलं तर ओळीने फिरणाऱ्या चात्या दिसतात आणि धागा तुटला की तो क्षणात जोडणारी बोटं दिसतात. ही बोटं त्याच वाड्यावस्त्यांवरच्या मुलामुलींची असतात.

अशी गिरणी उभी कशी राहते? महाराष्ट्रात सहकारी सूतगिरण्यांसाठी भांडवलाचा ठरलेला आराखडा आहे : ५ टक्के सभासदांचे भाग, ४५ टक्के राज्य शासनाचं भागभांडवल आणि उरलेलं ५० टक्के वित्तीय संस्थांचं कर्ज. म्हणजे शेतकऱ्यांनी आपले पाच टक्के जमवले तरी पुढचा पैसा मंत्रालयातून निघावा लागतो, आणि तो एकदम निघत नाही. हप्ता अडला की यंत्रसामग्रीची मागणी लांबते, तोवर तिची किंमत वाढते, व्याज चढतं, आणि कितीतरी गिरण्या सूत काढण्याआधीच आजारी पडतात. आमदाराचं खरं काम इथे असतं. उद्घाटनाच्या दिवशी सगळेच येतात. शासनाच्या हिश्श्याचा तिसरा-चौथा हप्ता का अडला हे विचारायला दरवेळी वित्त विभागाच्या दारात कुणीतरी जावं लागतं.

हे विचारण्याची साधनं विधिमंडळाच्या नियमांतच आहेत. तारांकित प्रश्नाला मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं आणि त्यावर उपप्रश्न येतात. नियम १०५ खाली लक्षवेधी सूचना देता येते. तिच्यावर खात्याचं लेखी निवेदन आधी सदस्यांच्या हातात पडतं, मग प्रश्नोत्तरं होतात. नियम २९३ खाली मोठी चर्चा मागता येते. अर्थसंकल्पात खात्याच्या मागण्या येतात तेव्हा कपात सूचना मांडून एखाद्या बंद पडलेल्या कामाचं नाव कामकाजात नोंदवता येतं. आणि मंत्री ‘तपासून घेऊ’, ‘तीन महिन्यांत निर्णय घेऊ’ असं बोलले, की ते आश्वासन समितीच्या यादीत जाण्याजोगं होतं. गणपतराव दोनदा मंत्री झाले, १९७८ च्या आणि १९९९ च्या मंत्रिमंडळात. बाकी जवळजवळ सगळी कारकीर्द विरोधी बाकांवर गेली. विरोधी बाकावरच्या माणसाला हीच साधनं असतात, आणि ती वापरायला अभ्यास लागतो. मागच्या अधिवेशनात मंत्री काय म्हणाले, कुठल्या कागदावर कुठला आकडा होता, हे लक्षात ठेवणारा आमदार समोर असला की खात्याला उत्तर तयार करून यावंच लागतं.

पाण्याच्या प्रश्नात मात्र सभागृह एकटं पुरलं नसतं.

बच्छावत लवादाने कृष्णा खोऱ्यातलं ५६० टीएमसी पाणी महाराष्ट्राच्या वाट्याला दिलं, आणि फेरविचारासाठी २००० पर्यंतची मुदत ठेवली. त्या आत पाणी अडवलं नि वापरलं पाहिजे, ही घाई नव्वदच्या दशकात सगळ्यांना जाणवू लागली. पण कुणाच्या शेतात वापरायचं? नदीकाठच्या तालुक्यांत ऊस उभा होता आणि आटपाडी, जत, सांगोला, माण या भागांत टँकर फिरत होते. १९९३ मध्ये आटपाडीला पाणी परिषद भरली. सातारा, सांगली, सोलापूर या जिल्ह्यांतल्या तेरा दुष्काळी तालुक्यांचे लोक त्या लढ्यात उतरले. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर आणि गणपतराव हे त्याचे पुढारी होते. मागणी नेमकी होती : पाणी उचलून दुष्काळी पट्ट्याला द्या, आणि ते समन्यायी वाटा.

या मागणीला एक अडचण होती आणि ती आजही पुरती सुटलेली नाही. राज्याचा अनुशेष मोजणाऱ्या दांडेकर समितीने १९८४ साली जिल्हा हा घटक धरला. पश्चिम महाराष्ट्र एकूण बागायती, साखर कारखान्यांचा. त्यामुळे त्याच्या पोटातला कोरडा पट्टा सरासरीत झाकला गेला. सांगोल्याला पाऊस मराठवाड्यातल्या कितीतरी तालुक्यांपेक्षा कमी, पण अनुशेषाच्या हिशेबात तो सधन विभागात. पुढे राज्यपालांच्या निर्देशांनुसार निधीवाटप होऊ लागलं. मागास विभागांना न्याय मिळणं आवश्यकच होतं. पण त्याच सूत्रामुळे टेंभू, म्हैसाळ, ताकारी या उपसा सिंचन योजनांना निधी देताना हात आखडता घेतला गेला. म्हणून या भागातल्या आमदाराला दुहेरी युक्तिवाद करावा लागे. विदर्भ-मराठवाड्याचं काही हिरावून घ्यायचं नाही, पण तालुका हा घटक धरून आमचीही मोजणी करा, असा. २०१३ मध्ये केळकर समितीने तालुक्याच्या पातळीवर पाहण्याचा विचार मांडला, तोवर एक पिढी सरली होती.

टेंभू योजनेला १९९६ मध्ये पहिली प्रशासकीय मान्यता मिळाली, सुमारे १,४१६ कोटींची. त्याच वर्षी कृष्णा खोरे विकास महामंडळ आलं. गणपतराव तेव्हा सभागृहात नव्हते, १९९५ ला अगदी थोड्या मतांनी पडले होते. तरी परिषदा, मोर्चे चालूच राहिले, आणि मला वाटतं त्या काळाने एक गोष्ट दाखवून दिली : मागे लोकांची चळवळ असेल तर आमदारकी गेली तरी विषय मागे पडत नाही. कराडजवळ कृष्णेवर बांधलेल्या टेंभूच्या बंधाऱ्यातून पाणी टप्प्याटप्प्याने पंपांनी उचलतात आणि कालव्यांनी पुढे नेतात. काम लांबलं, भूसंपादन महागलं, सुधारित प्रशासकीय मान्यता घ्याव्या लागल्या. गावातला शेतकरीसुद्धा आता ‘सुप्रमा झाली का?’ असं विचारतो. मान्यतेचा आकडा पुढे चार हजार कोटींच्या वर गेला.

पाणी आल्यावर नवा प्रश्न आला तो वीजबिलाचा. उपसा योजनेचं पाणी वरून आपोआप येत नाही. थकबाकी झाली की पंप थांबतात, नेमकं उन्हाळी आवर्तन चुकतं, आणि डाळिंबाची बाग होरपळते. अखेर ८१ टक्के वीजखर्च शासनाने आणि १९ टक्के लाभधारकांनी सोसायचा, असं ठरलं. पिण्याच्या पाण्याचं गणितही तसंच. शिरभावीसह ८१ गावांची प्रादेशिक योजना सांगोला तालुक्यात झाली. एवढ्या गावांना एका योजनेतून पाणी देणं हे मोठंच काम. पण पाणीपट्टीची वसुली, देखभालीचा माणूस, जळालेला पंप हे सगळं रोजचं आहे. योजना मंजूर करून आणण्यापेक्षा ती वीस वर्षं चालती ठेवणं जास्त अवघड, आणि त्याचं श्रेय कुणाच्या फलकावर येत नाही.

पाण्याच्या भरवशावर आणि त्याआधी ठिबकच्या काटकसरीवर या मातीत डाळिंब उभं राहिलं. सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही सोलापूरलाच आहे. २८ डिसेंबर २०२० रोजी देशातली शंभरावी किसान रेल सुटली ती सांगोल्याहून, पश्चिम बंगालच्या शालिमारकडे. नंतर तेल्या रोग आणि खोडाला छिद्रं पाडणारी कीड यांनी बागाच्या बागा काढायला लावल्या. आता प्रश्न रोपवाटिकांच्या तपासणीचा, पीकविम्याच्या निकषांचा, शीतगृहाच्या विजेच्या दराचा आहे. हे सगळे प्रश्न सभागृहाचे आहेत.

आज आमदाराच्या कामाचं मोजमाप स्थानिक विकास निधीवर येऊन थांबलंय, याची मला काळजी वाटते. तो वर्षाला पाच कोटींचा आहे. सभामंडप, पेव्हर ब्लॉक, हायमास्ट दिवा यांवर नाव लागतं, फोटो निघतो. टेंभूची १९९६ची मूळ किंमत या निधीतून भागवायची म्हटली तर २८३ वर्षं लागतील. तालुक्याचं नशीब बदलणारा पैसा राज्याच्या अर्थसंकल्पात असतो, आणि तो प्रश्न विचारून, समितीत बसून, कपात सूचना लिहून, लोकांना बरोबर घेऊन खेचून आणावा लागतो. तुमच्या आमदाराने गेल्या अधिवेशनात कोणते प्रश्न टाकले, कोणत्या लक्षवेधीवर सही केली, कोणत्या आश्वासनाचा पाठपुरावा केला, याची नोंद विधिमंडळाकडे असते. मत मागायला ते दारात येतील तेव्हा या नोंदीवरूनच त्यांच्याशी बोलता येईल.