सावकारी नियंत्रण आणि खरेदीखताचा धोका

शेतीच्या धंद्यात पैसा लागतो तो पेरणीच्या तोंडावर आणि हाती येतो तो सुगीनंतर. या मधल्या अडचणीवरच सावकारी उभी आहे. तिला कायद्याने किती आवर घालावा, हा वाद महाराष्ट्रात सुमारे दीडशे वर्षे चालू आहे.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या व कर्जरोखे जाळले. दंग्यांचे लोण अहमदनगर जिल्ह्यातही पसरले. सरकारी चौकशीनंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी साहाय्यक कायदा झाला. रोख्यावरील आकडा प्रमाण न मानता मूळ व्यवहार न्यायालयाने तपासावा, असे त्यात ठरले. वसुलीची खात्री गेली म्हणजे सावकार हात आखडता घेईल, असा विरोधकांचा आक्षेप होता. प्रत्यक्षात अनेक सावकारांनी निराळी वाट काढली. गहाणखताऐवजी ते खरेदीखत लिहून घेऊ लागले. जमीन परत देण्याचा करार तोंडी आणि कागद मात्र विक्रीचा, अशी ही रीत होती.

नियंत्रणाबरोबरच दुसरी सोय हवी, या विचाराने १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. तथापि १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्यांच्या कर्जापैकी सहकारी संस्थांचा वाटा अवघा ३.१ टक्के आढळला. सावकारांचा वाटा सुमारे ७० टक्के होता.

महाराष्ट्रात २०१४ साली सावकारी नियमन कायदा अमलात आला. परवान्याशिवाय सावकारी करणे हा त्यान्वये गुन्हा आहे. चक्रवाढ व्याजास मनाई आहे. शेतकऱ्यांसाठी तारणी कर्जास द.सा.द.शे. ९ व विनातारण कर्जास १२ असा कमाल व्याजदर त्याच वर्षी ठरविण्यात आला. दर इतका कमी ठेवल्यास व्यवहार चोरून होतील, असे काही जण म्हणतात. दर मोकळा सोडल्यास अडलेल्याची लूट होईल, असे इतरांचे म्हणणे आहे. दोन्ही मतांत तथ्य आहे. म्हणूनच संस्थेचे कर्ज वेळेवर मिळणे हे कायद्याइतकेच महत्त्वाचे आहे.

सावकारीपोटी बळकावलेली जमीन परत मिळविण्याची तरतूदही या कायद्यात आहे. त्यासाठी जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करावा लागतो. अर्जापूर्वीच्या १५ वर्षांतील व्यवहारांची चौकशी होऊ शकते.

शेतकरी बंधूंनी पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात :

१. कर्जाच्या तारणासाठी खरेदीखत कदापि करून देऊ नये.
२. कोऱ्या कागदावर वा मुद्रांकावर सही अथवा अंगठा देऊ नये.
३. सावकाराचा परवाना पाहावा व प्रत्येक भरण्याची पावती घ्यावी.
४. पीककर्जाची कागदपत्रे खरिपापूर्वीच संस्थेत अगर बँकेत सादर करावीत.

गावोगावच्या कार्यकर्त्यांनी उन्हाळ्यातच घरोघर जाऊन या चौथ्या कामी साहाय्य करावे. पेरणीपूर्वी संस्थेचा पैसा हाती आला, तर खरेदीखतावर सही करण्याची पाळी पुष्कळांवर येणार नाही.