आईची हाडं आणि मशीनचा आकडा

जिममधल्या मशीनवर अनवाणी उभं राहून 'बॉडी फॅट'चा आकडा तुम्ही पाहिला असेलच. तेव्हा तळपायातून अगदी सौम्य वीजप्रवाह जातो. पाणी नि स्नायूंतून तो सहज जातो, चरबी आणि हाडं अडवतात. हा अडथळा म्हणजे इम्पिडन्स. काही मशीन्स त्यावरून 'बोन मास'ही सांगतात. पण तो अंदाज असतो. वजन, उंची, वय घालून मांडलेलं गणित. पाणी कमी प्यायलात तरी आकडा हलतो.

ऑस्टिओपोरोसिस ठरतो डेक्सा स्कॅनवर. कंबर आणि खुब्याच्या हाडांची घनता क्ष-किरणांनी मोजतात. टी-स्कोअर उणे 2.5 किंवा त्याखाली आला की हाडं ठिसूळ. जागतिक आरोग्य संघटनेचा हा निकष 1994चा. त्यामुळे नवी चाचणी किती खरी, हे डेक्साशी ताडूनच बघायचं.

आता हिशेब करा. समजा, 100 बायकांपैकी 10 जणींना हा आजार आहे आणि चाचणी आजारी-निरोगी दोन्ही ओळखण्यात 80 टक्के अचूक आहे. भारी वाटतं ना? आजारी 10 पैकी 8 सापडतील, पण निरोगी 90 पैकी 18 जणींनाही 'धोका' दिसेल. घाबरलेल्या 26, खऱ्या आजारी 8! त्यांचं डेक्सा केलं की उलगडा होईल. मला काळजी वाटते ती निसटलेल्या दोघींची. त्या 'नॉर्मल' ऐकून घरी जातात, आणि हा आजार हाड मोडेपर्यंत बहुधा दुखतही नाही.

आईने शिबिरातून 'नॉर्मल'ची चिठ्ठी आणली, पण तिची पाळी लवकर गेली असेल किंवा तिच्या आईचं खुब्याचं हाड मोडलं असेल, तर डॉक्टरांना डेक्साबद्दल विचाराच.