टू-स्ट्रोक गाडीचा दम का जातो? बोअर-पिस्टनच्या खर्चाआधी काय तपासावे

आमच्याकडून लुंगी, साडी आणि ड्रेसचा माल उचलून मालेगावच्या आसपासच्या आठवडे बाजारांत विकणारे फेरीवाले बांधव अजूनही जुन्या टू-स्ट्रोक मोपेडवर अवलंबून आहेत. 1972 साली आलेली लुना आता विजेवर चालते. टीव्हीएसची एक्सएल आता 100 सीसीच्या फोर-स्ट्रोक इंजिनात येते. पण 69.9 सीसीची जुनी टू-स्ट्रोक एक्सएल पाठीवर गाठोडे घेऊन धावताना आजही दिसते. या गाडीने ऐन लग्नसराईत दम सोडला की बाजार हुकतो. गॅरेजवर गेले की बहुधा एकच उत्तर मिळते, "बोअर गेला, पिस्टन टाकावा लागेल." कित्येकदा खरा मर्ज सायलेन्सरमध्ये असतो. आम्ही मेकॅनिक नव्हे, कापडाचे व्यापारी आहोत, पण ज्याची गाडी थांबते त्याची उधारीही थांबते. म्हणून हा विषय आमच्या धंद्याचाच आहे.

आधी इंजिनाची रीत समजून घ्यावी. फोर-स्ट्रोक इंजिनात आत-बाहेर करण्यासाठी व्हॉल्व्ह असतात. टू-स्ट्रोकमध्ये ते काम सिलिंडरची भोके आणि पिस्टन करतात. पिस्टन वर जाताना त्याच्या खालच्या क्रँककेसमध्ये पेट्रोल-हवेचे मिश्रण ओढले जाते, आणि खाली येताना तेच मिश्रण दाबून वर ढकलले जाते. म्हणजे पिस्टनच्या वरचा भाग इंजिन आहे आणि खालचा भाग पंप आहे. शिवाय ऑइल पेट्रोलबरोबरच जळते, त्यामुळे काजळी धरणारच. वर दाब नीट राहिला, खालचा पंप कुठे फुटला नाही आणि धूर बाहेर पडण्याची वाट मोकळी असली, की गाडी ओढते.

तपासणीला सुरुवात करताना इंजिनाला हात लावू नये. गाडी स्टँडवर घेऊन मागचे चाक हाताने फिरवावे. ब्रेक धरून बसला आहे का, चेन फार ताणली आहे का, टायरमध्ये हवा आहे का, ते पाहावे. इंजिनाचा आवाज चढतो पण गाडी पुढे जात नाही, असे असेल तर क्लच घसरतो आहे. तिथे पिस्टन बदलून काही हाती लागणार नाही.

मग पेट्रोल. गाडी दोन-चार किलोमीटर नीट धावून मंदावते आणि थोडे थांबल्यावर पुन्हा चालते, तर टाकीचे झाकण उघडून पाहावे. झाकणातले हवेचे बारीक भोक बुजले असेल तर पेट्रोल खाली उतरत नाही. त्यानंतर कॉकची जाळी आणि कार्बोरेटरची वाटी साफ करावी. जेट तारेने कोरू नये. पितळेचे भोक केसाएवढे जरी वाढले तरी मिश्रण कायमचे बिघडते. पेट्रोलने धुऊन हवा मारली की पुरे. आता पंपावर 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. ते ओलावा धरते आणि जुन्या गाड्यांचे रबरी पाइप नरम करते. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करून ठेवावे.

ऑइलचे प्रमाण कंपनीच्या पुस्तिकेत असते तेवढेच ठेवावे आणि मापाने घालावे. "थोडे जास्त घातले तर इंजिन जपेल" असा गैरसमज फार आहे. जास्त ऑइलने धूर आणि काजळी वाढते. शिवाय जेटच्या त्याच भोकातून ऑइल जास्त गेले की पेट्रोल तेवढे कमी जाते. टू-स्ट्रोकचेच ऑइल वापरावे, वापरलेले काळे ऑइल तर कधीच नाही. शहरांत हौशीने मुलांसाठी घेतलेल्या 49 सीसीच्या छोट्या डर्ट बाइकही आता गॅरेजमध्ये येऊ लागल्या आहेत. त्यांतही अनेक वेळा आईबापांनी अंदाजाने ओतलेले ऑइल हेच दुखणे असते. कारागीर बांधवांनी त्या गाड्यांनाही हाच क्रम लावावा.

एअर फिल्टरबद्दल आम्ही कापडवाल्यांनी जास्त सावध असावे. लूमच्या गल्लीत उभी राहणारी गाडी धुळीबरोबर सुताचा तूसही ओढते. फोम साबणाच्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून, हलके ऑइल लावून बसवावा. "फिल्टर काढल्यावर पळते" म्हणून तो काढूनच टाकणारे आहेत. अशी गाडी धूळ खाते आणि मग बोअर खरोखरच जातो.

प्लग ही या गाडीची नब्ज आहे. थोडे अंतर ओझे घेऊन चालवावी, लगेच बंद करावी आणि प्लग काढून रंग पाहावा. बदामी-तपकिरी असेल तर ठीक. सुकी काजळी असेल तर पेट्रोल जास्त किंवा फिल्टर बंद. ओला काळा असेल तर ऑइल जास्त किंवा स्पार्क कमजोर. पांढरा पडला असेल तर त्या दिवशी गाडी बाजाराला नेऊ नये, कारण मिश्रण पातळ होऊन इंजिन आतून तापते आहे.

आता सायलेन्सर. गाडी सहज सुरू होते, जागेवर बरी चालते, पण वेग चढत नाही. हा बिघाड एका दिवसात नाही तर महिन्यांत हळूहळू वाढलेला असतो. मोकळ्या जागेत सायलेन्सर सिलिंडरपासून थोडा ढिला करून क्षणभर ॲक्सिलरेटर द्यावा. आवाज फुटेल, पण इंजिन एकदम मोकळे चढले तर वाट काजळीने बुजली आहे, हे समजावे. आतली नळी बाहेर काढून भट्टीत तापवून झाडावी. काही कारागीर कॉस्टिक सोड्यात भिजवतात. तसे करायचे तर हातमोजे आणि चष्मा घालावा, आणि ॲल्युमिनियमचा भाग त्यात मुळीच बुडवू नये. सिलिंडरचे धुराचे भोकही तपासावे. पिस्टन वर आणून भोक झाकावे, म्हणजे खरवडलेली काजळी आत पडणार नाही. खरवडायला लाकडी काडी घ्यावी, स्क्रू ड्रायव्हर नको.

ॲक्सिलरेटर सोडल्यावरही इंजिन आपोआप चढते, खाली येत नाही, आणि प्लग पांढरा आहे, अशी तिन्ही लक्षणे जमली तर कुठून तरी हवा आत शिरते आहे. कार्बोरेटरच्या जोडावर साबणाचे पाणी सोडून पाहावे. इंजिनाच्या चालीत फरक पडला तर गॅस्केट गेले. फरक पडला नाही तर मॅग्नेटच्या बाजूचे क्रँक सील तपासायला सांगावे. सील ही लहानशी वस्तू आहे, पण तिच्याकडे दुर्लक्ष केले तर पिस्टन सिलिंडरमध्येच चिकटतो.

एवढे सगळे करूनही किक हलकी लागते, गरम गाडी पुन्हा सुरू व्हायला त्रास देते, तर आधी हेडचे नट कसून मीटरने कॉम्प्रेशन पाहून घ्यावे. ते खरोखर कमी असेल तर रिंग किंवा बोअरचे काम करावे. पण सिलिंडर मापाने मोजून दाखवायला सांगावे. फक्त रिंगांवर भागत असेल तर बोअर कापू देऊ नये, कारण ओव्हरसाइज पिस्टन मोजक्याच वेळा मिळतात. नवा पिस्टन बसल्यावर पहिले काही शे किलोमीटर पूर्ण ॲक्सिलरेटर देऊ नये, चढावर थांबत जावे, आणि तोपर्यंत गाठोडे अर्धेच बांधावे.