सहलीचे संमतीपत्र

दिवाळीची सुट्टी संपली, की मुलांच्या दप्तरातून एक घडी घातलेला कागद घरी येतो. वर सहलीचे ठिकाण, मध्ये वर्गणीची रक्कम आणि तळाशी पालकांच्या स्वाक्षरीसाठी आखलेली रेघ. बहुतेक घरांत ही सही सहज होते. काही घरांत मात्र तो कागद चार-चार दिवस तसाच पडून राहतो. मुलाला दमा आहे. मुलीला नुकतीच पाळी येऊ लागली आहे. पाचवीतला मुलगा अजूनही अधूनमधून अंथरूण ओले करतो आणि ही गोष्ट घराबाहेर कुणालाच ठाऊक नाही. मग ‘पुढच्या वर्षी बघू’ असे म्हणून विषय मिटवला जातो आणि पुढच्या वर्षीही तेच घडते. वाचकहो, हा लेख मुख्यतः अशा घरांसाठी आहे.

सहलीने ज्ञान वाढते, हे आपण सारेच म्हणतो. ते खरेही आहे. लोणारचे सरोवर उल्कापातातून निर्माण झाले, हे पुस्तकातले एक वाक्य आहे. जवळजवळ 1.8 किलोमीटर व्यासाच्या त्या विवराच्या काठावर उभे राहून, खाली उतरून आणि पुन्हा वर चढून आलेल्या मुलाच्या पोटऱ्यांना त्या वाक्याचा अर्थ कळलेला असतो. वेरूळचे कैलास लेणे वरून खाली, आधी कळस आणि मग पाया अशा उलट्या क्रमाने कोरले आहे, हे मान उंचावून पाहिल्यावाचून पटत नाही. अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात एका नव्या कलासंग्रहालयाच्या भेटीसाठी शाळांची निवड सोडतीने झाली, तेव्हा संशोधकांनी सुमारे 11 हजार विद्यार्थ्यांची पाहणी केली. अवघ्या अर्ध्या दिवसाच्या भेटीनंतरही जाऊन आलेल्या मुलांची बारकाईने विचार करण्याची क्षमता न गेलेल्यांपेक्षा सरस दिसली. आणि सर्वाधिक लाभ झाला तो खेड्यांतील व गरीब वस्त्यांतील मुलांना. ज्यांच्या घरून असे जाणे घडत नाही, त्यांनाच सहलीचे मोल अधिक, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. वर्गणीचा प्रश्न असेल, तर संकोच न करता मुख्याध्यापकांशी बोलावे. शालेय सहलींना एसटीच्या भाड्यात सवलत मिळते. खासगी गाडीचा आग्रह शाळेचा आहे की पालकांचा, हेही विचारून पाहावे.

परंतु आरोग्याच्या दृष्टीने सहलीचा खरा लाभ निराळाच आहे, असे मला वाटते. मुलाचे शरीर घरी जणू आईच्या ताब्यात असते. तहान लागण्याआधी पाणी पुढे येते, थंडी वाजण्याआधी स्वेटर. सहलीच्या तीन दिवसांत हा कारभार प्रथमच मुलाच्या हाती येतो. भूक, तहान, थकवा, शौचाची वेळ, भिजलेले मोजे या सर्वांकडे त्याचे त्यालाच पाहावे लागते आणि अडले तर मोठ्या माणसाला शब्दांत सांगावे लागते. ज्या मुलाला एखादी व्याधी आहे, त्याला हा सराव इतरांहून अधिक हवा. कारण उद्या वसतिगृहात, परगावी त्याला तीच व्याधी एकट्याने सांभाळायची आहे. आपण मात्र नेमके त्यालाच घरी ठेवतो.

दम्याचेच घ्या. पहाटेचा गारवा, गाडीतली धूळ, रात्रीच्या शेकोटीचा धूर, मित्रांबरोबरची धावाधाव असे त्रास वाढवणारे बरेच काही सहलीत एकत्र येते. म्हणून निघण्यापूर्वी पंधरा दिवस डॉक्टरांना भेटून दमा आटोक्यात आहे ना, हे पाहून घ्यावे. रोजचे औषध सहलीत एकही दिवस चुकू नये. तत्काळ आराम देणारा पंप मुलाच्याच खिशात वा पाठपिशवीत असावा. तो बसच्या टपावरील सामानात गेला, तर असून नसल्यासारखा. सोबतच्या शिक्षकांना पंप कसा द्यायचा, हे प्रत्यक्ष दाखवावे आणि डॉक्टरांच्या सूचना एका कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून द्याव्यात.

मुलींच्या बाबतीत पाळीपेक्षाही मोठा प्रश्न स्वच्छतागृहांचा असतो. वाटेत सोय नसेल या भीतीने अनेक मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मग डोके दुखते, चक्कर येते, क्वचित मूत्रमार्गाचा संसर्ग होतो. याचा उपाय मुलीला ‘पाणी पी’ असे बजावणे हा नव्हे. गाडी कुठे कुठे थांबणार, तेथे मुलींसाठी स्वच्छतागृह आहे का, मुक्कामाच्या जागी पाणी व कडी आहे का, हे प्रश्न पालकसभेत मोठ्याने विचारावेत. दोन-तीन पालकांनी विचारले, की वेळापत्रक बदलते. पाळीची तारीख जवळ असो वा नसो, पॅड, जुने वर्तमानपत्र आणि कपड्यांचा जादा जोड एका छोट्या पिशवीत द्यावा. कोणत्या बाईंशी बोलायचे, हे मुलीला आधीच सांगून ठेवावे. सोबत शिक्षिकाच नसतील, तर सही न करण्याला ते पुरेसे कारण आहे.

अंथरुणात लघवी होणे हा दोष नव्हे. दहा वर्षांच्या साधारण वीस मुलांमागे एकाला हा त्रास असतो. म्हणजे सहलीच्या बसमध्ये असे एखादे मूल बहुधा असतेच. वर्गशिक्षकांना विश्वासात घ्यावे. झोपण्यापूर्वी आणि रात्री एकदा त्यांनी मुलाला गुपचूप उठवले, तर बरेचसे काम होते. काही मुलांना बालरोगतज्ज्ञ थोड्या दिवसांपुरते औषध देतात. ते आधी घरी घेऊन पाहावे आणि रात्रीच्या पाण्यावर घातलेली मर्यादा काटेकोर पाळावी.

गाडी लागणे ही तुलनेने किरकोळ गोष्ट. तरी सहलीचा पहिला दिवस तीच नासवते. कानातील तोलाची यंत्रणा ‘आपण हलतो आहोत’ असे सांगते आणि पुस्तकावर वा पडद्यावर खिळलेले डोळे ‘आपण स्थिर आहोत’ असे सांगतात. त्या विसंगतीतून मळमळ होते. पुढची जागा, दूरवर नजर आणि निघताना हलका नाश्ता एवढे पुष्कळदा पुरते. डॉक्टरांनी गोळी दिली असेल, तर ती प्रवासापूर्वी घ्यावी. उलटी सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही.

भ्रमणध्वनीबद्दल थोडे. कॅलिफोर्नियात 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहावीची 51 मुले पाच दिवस पडद्याविना निसर्ग-शिबिरात राहिली. परतल्यावर चेहऱ्यावरील भाव ओळखण्यात ती, शाळेतच राहिलेल्या मुलांपेक्षा अधिक सुधारलेली आढळली. मुलांजवळ फोन नसावा असे मी म्हणते, त्याला आणखी एक कारण आहे. घरची आठवण बहुधा रात्री, निजानीज झाल्यावर दाटून येते. त्याच वेळी आईचा आवाज कानी पडला, की आवरलेले रडू फुटते. ‘करमले नाही तर लगेच न्यायला येऊ’ हे वचन तर देऊच नये. त्याचा मुलाला कळणारा अर्थ एवढाच, की तुला हे जमणार नाही असे आम्हांलाही वाटते. त्यापेक्षा आधीच्या महिन्यात मामाकडे किंवा आत्याकडे एक-दोन रात्री एकट्याने राहू द्यावे.

पालकांची सगळीच भीती निराधार असते, असे मुळीच नाही. 2016 च्या फेब्रुवारीत मुरूडच्या समुद्रात सहलीला गेलेले पुण्याचे महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले, ती दुर्घटना महाराष्ट्र विसरलेला नाही. पाण्यात उतरू देणार का, रात्रीचा प्रवास आहे का, किती मुलांमागे एक शिक्षक आहे, जवळचे रुग्णालय कोणते, हे विचारताना अवघडू नये. उत्तरे गुळमुळीत आली, तर अवश्य नकार द्यावा. नकार शाळेच्या तयारीकडे पाहून द्यावा, मुलाच्या दुखण्याकडे पाहून नव्हे.

मूल परत आले, की पहिल्या संध्याकाळी लेण्यांविषयी काही विचारू नये. प्रथम कोण घोरत होते आणि कुणाचा बूट हरवला, हेच ऐकायला मिळेल. त्याला भरपूर झोपू द्यावे. न वापरलेला पंप किंवा पॅडची न उघडलेली पिशवी सामानातून निघाली, तर मुकाट्याने जागच्या जागी ठेवावी. पुढील आठवड्यात ताप, जुलाब वा खोकला झालाच, तर मूल कुठे गेले होते आणि तेथे काय खाल्ले-प्यायले, हे डॉक्टरांना मुलालाच सांगू द्यावे.