‘कोल्ड’ : एक शब्द, अनेक अर्थ

इंग्रजीतला ‘कोल्ड’ हा शब्द आपल्याला शाळेपासून माहीत असतो. पण ‘कोल्ड म्हणजे थंड’ एवढ्यावर थांबले की घोटाळा होतो. ‘आय ॲम कोल्ड’ म्हणजे मला थंडी वाजते आहे. ‘आय हॅव अ कोल्ड’ म्हणजे मला सर्दी झाली आहे. मधले शब्द बदलले की थंडीची गोष्ट आजारावर जाते. सर्दी विषाणूंमुळे होते, तरी नावात थंडी राहिली. आपल्याकडेही तेच घडले : ‘सर्दी’ हा शब्द फारसीतल्या ‘सर्द’, म्हणजे थंड, यावरून आला.

तिसरा अर्थ स्वभावाचा. ‘कोल्ड’ माणूस म्हणजे मायेचा ओलावा नसलेला, तुटक वागणारा. शांत डोक्याच्या माणसाला मात्र इंग्रजीत ‘कूल’ म्हणतात. मराठीत ‘थंड डोक्याने’ विचारही होतो आणि खूनही. इंग्रजी तिथे दोन शब्द वापरते.

वाक्प्रचारांत शब्दशः अर्थ चालत नाही. ‘कोल्ड फीट’ म्हणजे पाय गार पडणे नव्हे, तर ऐन वेळी कच खाणे. ‘कोल्ड शोल्डर’ देणे म्हणजे मुद्दाम दुर्लक्ष करणे. ‘कोल्ड वॉर’साठी मात्र आपण शब्दशः ‘शीतयुद्ध’ हा नेमका शब्द घडवला. इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेलने 1945 मध्ये अणुबॉम्बविषयीच्या लेखात ‘कोल्ड वॉर’ हे शब्द वापरले होते.

म्हणून ‘कोल्ड’ दिसला की आधी शेजारचे शब्द पाहावेत, मगच अर्थ लावावा.