बेरिअम विषारी, मग डॉक्टर प्यायला का देतात?

घरात कुणाला ‘बेरिअम मील’ तपासणी सांगितली, की तुम्ही मोबाइलवर शोधता आणि दचकता. बेरिअम तर विषारी!

याचं उत्तर शाळेतल्या एका प्रयोगात आहे. बेरिअम क्लोराइड आणि सोडिअम सल्फेट यांची द्रावणं एकत्र आली, की लगेच पांढरा साका तयार होतो. हेच बेरिअम सल्फेट. त्याच्या सूत्रात बेरिअम १, गंधक १ आणि ऑक्सिजन ४.

बेरिअम घातक ठरतं ते विरघळून रक्तात गेलं तर. हा साका लिटरभर पाण्यात जेमतेम २ ते ३ मिलिग्रॅम विरघळतो आणि जठरातल्या आम्लालाही दाद देत नाही. क्ष-किरण मात्र अडवतो, म्हणून अन्ननलिका आणि जठर फोटोत उठून दिसतात.

बेरिअम कार्बोनेटही असंच पांढरं, पाण्यात फारसं न विरघळणारं. पण जठरातल्या आम्लात ते विरघळतं. म्हणूनच ते उंदीर मारायला वापरलं जाई! नुसतं ‘बेरिअम’ वाचून घाबरू नका, निर्धास्तही होऊ नका. पुढचा शब्द वाचा.

तपासणीनंतर डॉक्टरांनी मनाई केली नसेल, तर भरपूर पाणी प्या. एक-दोन दिवस शौचाला पांढरट झाली तरी काळजी नको. पोट गच्च राहिलं किंवा दुखू लागलं, तर मात्र डॉक्टरांना लगेच कळवा.