पहिल्या डोसच्या आधी

शेजारच्या काकांच्या ब्लड कल्चरचा रिपोर्ट आला : ‘नो ग्रोथ’. जंतू नाहीत म्हणून घरच्यांना हायसं वाटलं. रिपोर्ट बघून हृदयरोगतज्ज्ञांचा चेहरा मात्र उतरला. काकांच्या झडपेला चिकटलेला आणि ठोक्यागणिक हलणारा गोळा त्यांना एकोमध्ये स्वच्छ दिसत होता. मग जंतू गेले कुठे? ते समजून घ्यायला एका सरकारी मेडिकल कॉलेजच्या मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये जाऊन बसलो.

तिथे आधी भेटतो तो वास. जंतू वाढवलेल्या, रक्त घातलेल्या प्लेट्स ऑटोक्लेव्हमध्ये वाफेवर निर्जंतुक होत असतात. त्याचा तो जड, गोडसर-कुबट दर्प शर्टाला चिकटून घरापर्यंत येतो. तिथल्या टेक्निशियन ताईंना तो आता जाणवतही नाही. त्यांचं लक्ष वॉर्डबॉय मामांनी आणलेल्या बाटल्यांवर. एक बाटली उचलून त्यांनी उजेडात धरली आणि थेट वॉर्डाला फोन लावला. ‘‘डॉक्टर, हे तीन मिलीसुद्धा नाही. दहा मिली म्हणजे दहा मिली.’’

या दहा मिलीसाठी त्या दिवसभर भांडतात. मोठ्या माणसाच्या एक मिली रक्तात कधीकधी एखादाच जंतू सापडतो. रक्त कमी घेतलं तर तो निसटतो. म्हणून झडपेच्या संसर्गाचा संशय असला की वेगवेगळ्या जागी टोचून तीनदा रक्त घ्यायचं. ताप चढायची वाट बघायचं कारण नाही, कारण या आजारात जंतू रक्तात सतत झिरपत असतात. पुढचं काम बरंचसं मशिनचं : बाटल्या उबेत हलत राहतात, जंतू वाढून कार्बन डायऑक्साइड सुटला की तळाची चकती रंग बदलते. साधारण पाच दिवस वाट बघतात.

पण ताईंचा खरा राग फॉर्मवरच्या एका रकान्यावर. ‘अँटिबायोटिक चालू आहे का?’ तो बहुतेक वेळा कोराच येतो. त्या दिवशीचा फॉर्म एका तरुण बाईचा होता. लहानपणी संधिवाताच्या तापाने झडप खराब झालेली, महिनाभर बारीक ताप, रात्री घाम, वजन उतरलेलं. ताईंनी फोनवर खोदून विचारलं तेव्हा कळलं, गावात टायफॉइड समजून पाच दिवसांचा कोर्स झाला, ताप गेला, परत आला, पुन्हा कोर्स. ‘‘म्हणजे हिच्याही बाटलीत काही उगवायचं नाही,’’ ताई म्हणाल्या आणि रकाना स्वतःच भरला.

खडबडीत झालेल्या झडपेवर रक्ताची बारीक गुठळी धरते, आणि तोंडातून, कातडीतून किंवा सलाइनच्या सुईवाटे रक्तात शिरलेले जंतू तिच्यावर शेवाळासारखे वाढतात. झडपेच्या पडद्यांना रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात, त्यामुळे शरीराचे शिपाई तिथे धड पोचत नाहीत. पाच दिवसांच्या गोळ्यांनी रक्तातले जंतू कमी होतात, म्हणून ताप उतरतो आणि कल्चरमध्येही काही उगवत नाही. झडपेवरच्या गोळ्याच्या पोटातले जंतू मात्र तसेच राहतात. त्याचा तुकडा सुटून मेंदूत गेला तर लकवा. नखांखाली काडी रुतल्यासारख्या लाल रेघा, बोटांच्या टोकांवर दुखऱ्या गाठी, डॉक्टरांना स्टेथोस्कोपमध्ये नव्याने ऐकू येणारी मर्मर ही चिन्हं पुस्तकात ठळक असली, तरी प्रत्येकात दिसत नाहीत. ताप मात्र बहुतेकांना असतो.

पेनिसिलिनच्या आधी यातून जवळजवळ कुणी वाचत नसे. आज वाचतात, पण शिरेतून चार ते सहा आठवडे औषध घेऊन. पेनिसिलिन दर चार तासांनी द्यायचं ठरलं, तर चार आठवड्यांत एकशे अडुसष्ट डोस होतात. झडप फाटली, हृदय थकलं किंवा संसर्ग आवरेना, तर ऑपरेशन. यातले बरेचसे निर्णय जंतूच्या नावावर अवलंबून, आणि ते नाव बहुतेकदा या बाटलीतूनच यायचं. नाव कळलं नाही तर डॉक्टरांना अंदाजाने, दोन-तीन भारी औषधं एकत्र द्यावी लागतात. त्यातली काही किडनीवर जातात.

गावातल्या डॉक्टरांकडे कल्चरची सोय नसते, हे मला मान्य आहे. पण ‘झडपेचा आजार आहे का’ हे विचारायला लॅब लागत नाही. पेशंट फार आजारी असेल तर औषध थांबवून ठेवता येत नाही, हेही खरं. पण तीन जागी रक्त काढून घ्यायला कितीसा वेळ लागतो?

तेव्हा तुमच्या घरात कुणाची झडप खराब असेल, बदललेली असेल किंवा जन्मतः हृदयात दोष असेल, तर दात आणि हिरड्या सांभाळा. दात काढायच्या आधी डेंटिस्टला हृदयाचं सांगा. काहींना त्याआधी अँटिबायोटिकचा डोस घ्यावा लागतो. आणि अशा माणसाचा ताप दोन-चार दिवसांत हटला नाही, तर अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी डॉक्टरांना एवढं विचारा : ‘‘ब्लड कल्चरसाठी रक्त घेतलं का?’’